फ्लेक्सवर काय नाव टाकायचं, शकूभाऊ?

शकूभाऊ,

आपल्या टीमच्या पोरींचा फोन आला होता. केजचा फ्लेक्सवाला म्हणतोय, उद्या दुपारपर्यंत मजकूर द्या. फोटो ठरला, रंग ठरला, खाली सगळ्या पोरींची नावं टाकायची तेही ठरलं. फक्त वर तुमचं नाव काय टाकायचं ते ठरेना. म्हणून ते माझ्यावर आलं. सोनी म्हणाली, "रुबीताई, तुमी जवळच्या व्हता. तुमीच सांगा."

जवळची म्हणजे काय, तर कबड्डीत तुम्ही डाव्या कोपऱ्यात उभे राहायचात आणि मी तुमच्या शेजारी. रेडर आपल्या अंगणात आली की साखळीत तुमचा उजवा हात माझ्या डाव्या हातात असायचा. पहिल्याच दिवशी तुम्ही ओरडला होतात, "बोटं धरू नको, मनगट धर. बोटं सुटत्यात." तेवढीच माझी जवळीक. पण सहा वर्षं एखाद्याचं मनगट धरलं की त्याला राग कधी आला, भीती कधी वाटली, ते तोंड न बघता कळतं. तुमची भीती मला दोनदा कळली. दोन्ही वेळा समोर रेडर नव्हती.

मी नववीतून शाळा सोडलेली. फ्लेक्सवर चार शब्द लागतात आणि मला ते चार सुचेनात, म्हणून हे एवढं लांबडं लिहीत बसले. इथं बंगळूरला माझं मराठी फोनापुरतंच उरलंय. चुकलं तर हसा. तुम्ही हसलात की सगळ्या टीमला हसायला परवानगी असायची.

एक फ्लेक्स तुमच्या काकांनी आधीच स्टँडवर लावलाय. सोनीनं त्याचा फोटो पाठवला. मी तो बोटांनी मोठा करून करून पाहिला. कपाळाला विभूती आहे, अंगावर साडी आहे, आणि खांद्यावरून एक जाड वेणी पुढं घेतलीय. ती वेणी कुणाची आहे, शकूभाऊ? मी तुम्हाला ओळखते तेव्हापासून तुमच्या डोक्यावर कंगवा अडकेल एवढेसुद्धा केस नव्हते. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाची तरी आणून चिकटवली असणार. खाली 'कै. कुमारी शकुंतला' आणि हात जोडलेले. तुम्ही बघितला असतात तर म्हणाला असतात, "कोण गं ही? स्थळ बिळ बघायलेत काय हिच्यासाठी?"

मला आधी हसू आलं, मग रडू. आणि मग धाक बसला, कारण आता दुसरा फ्लेक्स आपण लावणार आणि त्यावरचं नाव मी सांगणार.

तुम्हाला आठवत असेल, आपली ओळख पेरूवरून झाली. नांदूरघाटच्या स्टँडवर अब्बांचा फळांचा गाडा, त्याच्यासमोर तुमचं किराणा दुकान. अब्बा नमाजला गेले होते आणि मी गाड्यावर होते. एका कॉलेजच्या पोरानं दोन पेरू उचलले आणि हसत हसत पळाला. मी पळाले, झेप घेतली, आणि त्याचा घोटा धरला. तो तोंडावर पडला, पेरू गटारात. लोकं जमली. तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे राहून सगळं बघत होतात. गर्दी पांगल्यावर आलात.

"घोट्याची पकड कुनी शिकविली गं तुला?"

"कुनीच न्हाई."

"मग कशी बसली?"

"पेरू आमचे व्हते."

तुम्ही इतक्या जोरात हसलात की तुमच्या आई, आमच्या काकू, दुकानातून बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेमागच्या मैदानावर होते.

टीममध्ये माझं नाव रोडरोलर पडलं. माझे खांदे असे, आवाज असा, चालणं असं. अम्मी म्हणायची, दुपट्ट्याखाली झाकलं तरी पोरगी भिंतीसारखीच दिसते. केस कापले तेव्हा तर तिनं दोन दिवस बोलणं टाकलं. गावातली पोरं आम्हाला ठरलेल्या हाका मारायची. "ए बाप्या, बिडी हाय का?" "दाढी कवा येनार बे?" बाकीच्या पोरी खाली मान घालून जायच्या. मी थांबायचे, दगड उचलायचे. मला एक गोष्ट पक्की माहीत होती, आणि आजही आहे: मी बाई आहे. खांदे रुंद आहेत म्हणून मी कमी बाई होत नाही. मांडीत जोर आहे तो बाईच्याच मांडीत आहे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मैदानावर माझं मला कळलं, आणि मैदान तुम्ही दिलंत.

तुम्हाला ती पोरं 'शकूभाऊ' म्हणायची. शेवटचा 'ऊ' लांबवून, दात काढून. ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. माझ्या हिशेबात तुम्हीही माझ्यासारख्याच. तेच केस, तीच ट्रॅकपॅन्ट, तेच टोमणे. म्हणून मला दिलेली शिवी आणि तुम्हाला दिलेली शिवी मला एकच वाटायची, आणि मी दोघांच्या वतीनं भांडायचे.

पाटोद्याकडच्या त्या गावची जत्रा आठवा. गाव कुठलं ते लिहीत नाही, तिथल्या माणसांनी नंतर आपल्याला पोटभर जेवू घातलं होतं. सेमीफायनल होती. समोरच्या टीमचा मॅनेजर टेबलाजवळ गेला आणि तुमच्याकडं बोट करून म्हणाला, "आमचं आब्जेक्शन हाय. ह्यो बाप्या हाय." माइक चालूच होता. सगळ्या जत्रेला ऐकू गेलं. पाळण्यातली माणसंसुद्धा वाकून बघायला लागली.

पंच म्हातारे होते, त्यांना घाम फुटला. कुणीतरी म्हणालं, दोन बायका बोलवा, वर्गखोलीत नेऊन बघा, विषय मिटवा. तेव्हा माझा हात तुमच्या मनगटावर होता. तुमची भीती मला पहिल्यांदा कळली ती तिथं. नाडी नुसती उडत होती, आणि चेहरा असा की जसं काही पाऊसपाण्याचं बोलणं चाललंय.

मी ओरडले, "बाईच हाय ती! मी सांगते ना! सगळ्या गावाला सांगते!"

तुम्ही नुसते खोलीकडं चालायला लागलात. मी मनगट सोडलं नाही. माझ्यामागं सोनीनं माझं धरलं, तिच्यामागं बाकीच्यांनी. अशी साखळीच्या साखळी त्या वर्गात शिरली. दाराला पडदा म्हणून कुणाची तरी साडी लावली होती. तपासायला गावच्या अंगणवाडीच्या ताई आल्या, एकट्याच. दुसरी बाई यायला तयारच झाली नाही. ताईंनी आपल्याकडं पाहिलं, त्या सात जणींच्या रांगेकडं, आणि बाकावर बसून घेतलं.

"मला कुनी पाणी देता का गं?" त्या म्हणाल्या. पाणी प्याल्या. मग तुम्हाला म्हणाल्या, "काय बघू मी? मला लाज वाटती बाई. माझीच पोरगी तुमच्यावानी खेळती. थोडं बसू, मंग भाईर जाऊ."

आपण बसलो. भिंतीवर बाराखडीचा तक्ता होता. ताईंनी विचारलं, कोण कुठली, जेवल्यात का. मग त्या उठल्या, साडी बाजूला केली आणि मोठ्यानं सांगितलं, "बघितलं. खेळवा आता." आपण ती मॅच जिंकली. तुम्ही त्यांच्या मोठ्या रेडरला एकट्यानं मांडीच्या पकडीत घेतलं, तेव्हा जत्रेतल्या त्याच माणसांनी शिट्ट्या मारल्या.

येताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जीप थांबली. वेटर तुम्हाला म्हणाला, "भाऊ, लेडीजला तिकडं आत बसवा, तुमी इकडं बसा." पोरी खिदळल्या. मी उठलेच होते त्याला सांगायला, तुम्ही हात धरून खाली बसवलंत.

"गप की. शेव-भाजी येऊ दे."

"तुमी बोलत कावून न्हाई? तिथं बी गप, हितं बी गप. सगळं मीच वरडायचं का?"

"मी सांगितलं व्हतं का तुला वरडाय?"

मला ते लागलं. मी म्हटलं, मी तुमच्यासाठी सगळ्या जत्रेसमोर छाती ठोकून सांगितलं की तुम्ही बाई आहात.

तुम्ही भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "सांगितलंस खरं. पन मला इचारलं न्हाईस."

"ह्यात इचारायचं काय?"

"तेच तर. ते म्हनले बाप्या, तू म्हनलीस बाई. माजं तोंड तिथंच व्हतं की, दोगांच्या मधी."

पोरी जेवत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. मी हळूच विचारलं, "मग काय हाव तुमी?"

"मला तरी कुटं ठावं, रुबे." तुम्ही पोरींकडं बघत होतात. "मैदानात असलं की ह्यो सवालच येत न्हाई. भाईर आलं की येतो. साडी नेसली की वाटतं दुसऱ्याचं कापड घालून बसलोय. अन् ते पोट्टे शकूभाऊ म्हनत्यात ना, तुला राग येतो. मला तर ते नाव आवडतं. ते शिवी म्हनून देत्यात, मी हाक म्हनून घेतो."

मला आनंद व्हायला पाहिजे होता, तुम्ही मला एवढं सांगितलंत म्हणून. मला राग आला. मी म्हटलं, असं असेल तर तो मॅनेजर खरं बोलत होता की. मग आपण जिंकलो ते काय? आणि माझं काय? मी आयुष्यभर सांगत आले की केस कापले, मांडीची पकड मारली तरी पोरगी पोरगीच राहते. तुम्ही असं म्हणायला लागलात तर लोकं म्हणतील, बघा, आम्ही म्हणत नव्हतो, खेळून पोरी बाप्या होतात.

तुम्ही म्हणालात, "दम माजा, पाय माजे, पोटात दुखतं दर महिन्याला ते बी माजंच. ह्याच अंगानं धरलं तिला. मनात काय हाय त्यानं पकड बसत न्हाई." आणि मग, "अन् तू बाईच हाइस. कोन न्हाई म्हनतंय? तुजं तुला पक्कं हाय तर माज्यानं ते कावून हलायलंय?"

जीपवाल्यानं हॉर्न दिला. ते भांडण तिथंच राहिलं, त्या ताटाशेजारी.

पण तुमची हाक मला कळली होती. त्या दिवसापासून मीही तुम्हाला शकूभाऊ म्हणायला लागले. हळूहळू सगळी टीम म्हणायला लागली. ती पोरं मग गप झाली. ज्या शब्दावर कुणी चिडतच नाही, तो ओरडून काय करणार?

अब्बांनी तर तुम्हाला पहिल्यापासून शकूभाईच म्हटलं. त्यांच्या ध्यानातही नव्हतं की त्यात काही विशेष आहे. माझ्या लग्नाचं चाललं होतं तेव्हा तुम्ही गाड्यापाशी स्टूल टाकून बसलात. बीडला सिक्युरिटी एजन्सीची भरती होती, धट्ट्याकट्ट्या पोरी पाहिजे होत्या. अब्बा सीताफळं रचत म्हणाले, "शकूभाई, बच्ची कभी अकेली गाँव के बाहर नई गई. डर लगता."

"चाचा, भीती हिला न्हाई, तुमाला हाय. अन् हिच्या अंगाला हात लावंल त्याची मला कीव येती."

अब्बा हसले. हसलेला माणूस नाही कसं म्हणणार? भरतीला तुम्ही सोबत आलात, बंगळूरच्या गाडीत बसवून दिलंत, आणि खिडकीतून माझं मनगट दाबलंत; तुमची भीती मला दुसऱ्यांदा कळली ती तिथं. माझ्या हातात आज जी भाकरी आहे ती त्या स्टुलावर मिळाली. हे तुम्हाला तोंडानं कधी सांगितलं नाही. तुम्ही "चल, हट" म्हणाला असतात.

इथं मॉलमध्ये माझी ड्युटी पडद्याआड असते. बायकांची रांग, एकेकीला आत घ्यायचं, तपासायचं, सोडायचं. सुरुवातीला बायका मलाच बघून किंचाळायच्या, "जेंट्स आहे!" मी टोपी काढून हसायचे. आणि दर वेळी ती साडी लावलेली वर्गखोली आठवायची. फरक एवढाच की आता पडद्याच्या आत मी आहे, त्या ताईंच्या जागी.

मागं एक जण आलं. खांद्याला खेळाची बॅग, आखूड केस. दोन रांगांच्या मध्ये उभं राहिलं, इकडंही नाही, तिकडंही नाही. मागची माणसं कुरकुरायला लागली. मी पडद्याबाहेर आले आणि विचारलं, "किधर आएंगे आप? जिधर आपको ठीक लगे." ते माणूस माझ्याकडं बघतच राहिलं. मग माझ्याकडं आलं. जाताना थँक्यू म्हणालं, नुसतं ओठांनी.

हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही इतका वेळ बोलला नाहीत की मला वाटलं रेंज गेली.

"शकूभाऊ?"

"असं इचारतं व्हय कुनी?"

"मी इचारलं ना."

"परत सांग. पयल्यापासून सांग."

मी परत सांगितलं. तुम्ही ते काय बॅग, काय बूट, सगळं विचारलंत. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात आलं, जे मी अनोळखी माणसाला विचारलं ते तुम्हाला त्या जत्रेत, त्या ढाब्यावर, कुणीच विचारलं नव्हतं. मी ठरवलं होतं, ईदला आले की मैदानाच्या कडेला बसून विचारायचं. काय म्हणू तुम्हाला, कसं म्हणू, घरात काय, गावात काय. चुकलं तर सांगा म्हणायचं. ईद अजून लांब आहे. उसाची ट्रॉली, मागं लाल दिवा नाही, आणि तुमची मोटरसायकल. बास, यापुढं मला लिहवत नाही.

नाव सांगायचं तर तेच सांगायचं, एवढं मला कळत होतं. पण भीती जाईना. मोठ्या अक्षरात 'शकूभाऊ' लिहिलं आणि नव्या पोरींच्या आयांनी वाचलं तर? आधीच म्हणतात, त्या ग्राउंडवर पोरींचे पोरगे करतात. चार जणींनी पोरी काढून घेतल्या तर टीमच उरणार नाही, आणि टीम म्हणजे तुमचं सगळं. आणि काकू? दुकानात बसल्या बसल्या त्यांना कुणी टोचून बोललं तर? म्हणून आज सकाळी मी काकूंना फोन लावला. तीनदा नंबर काढला आणि ठेवला, मग लावला.

"कोन, रुबी? जेवलीस का बाई?" त्यांनी मलाच विचारलं.

मी अडखळत सांगितलं, पोरी फ्लेक्स लावतायत, नावाचं असं असं आहे.

मागं तराजूचा आवाज आला, गिऱ्हाईक असावं. मग काकू म्हणाल्या, "तुला फोटो पाठविला असंल कुनी. बसविल्याचा."

पाठवला होता. तुमच्यात, लिंगायतांत, बसवून माती देतात. हिरवी साडी, डाव्या तळहातावर इष्टलिंग, आणि उजवा हात मांडीवर मोकळा. त्या मोकळ्या हाताकडं मी किती बघितलं असेल.

"साडी म्या नेसविली," काकू म्हणाल्या. "एकदा तरी नेसवावी वाटलं. जितेपनी नेसू दिली न्हाई मला. पन आंघोळ घातली तवा जावा-भावजयांना म्हनलं, जरा भाईर थांबा. अन् आदी तिची ती जर्सी घातली, सात नंबरची. गुडग्याची पट्टी बी चढविली. मंग वरनं साडी. लोकांला साडी दिसली. तिच्या अंगाला तिचं तिचं लागलं."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मी शकूच म्हननार," त्या म्हणाल्या. "माज्या तोंडात दुसरं बसत न्हाई आता. ग्राउंडावर तुमी काय म्हनत व्हता ते मला दुकानात ऐकू यायचं. त्या हाकेला लई पळत जायची. लिवा की."

म्हणून मी आत्ता सोनीला सांगितलं. फोटो तो घ्या, ज्यात तुम्ही वाकून उभे आहात, डाव्या कोपऱ्यात, तोंडात माती. वर एकच शब्द, शकूभाऊ. पुढं मागं कुमारी, भगिनी, काही नको. वेणी तर अजिबात नको.

सोनी म्हणाली, "अन् कुनी इचारलं, भाऊ कावून लिवलं, तर?"

"म्हनावं, त्यान्ला आवडायचं."

"एवढंच?"

"एवढंच. अन् डावा कोपरा रिकामा सोडून खेळायलाव म्हनं तुमी? कुनी सांगितलं? त्यान्ला कळलं तर चपलीनं मारतील. नवीन पोरगी हुबी कर. तिला सांग, मनगट धर."

आयांचं काय होईल मला माहीत नाही. भीती आहेच. माझी भीती कुठं जाते, ती माझ्याबरोबर बंगळूरला पण आलीय.

फ्लेक्सवाल्यानं नमुना करून पाठवला तो सोनीनं मला पाठवला. मी खोलीत बघत बसले होते. माझ्यासोबत राहणारी बिहारची गार्ड आहे, ती मागून वाकली.

"कौन हैं ये?"

"हमारे कप्तान. शकूभाऊ."

तिनं फोन हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला. चेहरा बघितला, खांदे बघितले. "भाई हैं कि बहन?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. छाती ठोकून सांगायची सवय आहे ना मला. मग मला ढाब्यावरचा तो मोडलेला भाकरीचा तुकडा आठवला, आणि तुमच्या वतीनं मी काहीच बोलले नाही.

"शकूभाऊ," मी पुन्हा म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली, "शकूभाऊ." आणि फोन परत दिला.